सोप्यांतली मोहीम

गेल्या दिवाळींत आमचा कोल्हापूरचा जुना वाडा रिकामा करण्याचें काम निघालें. महाद्वारापासून फार दूर नसलेल्या एका बोळांतला हा वाडा आतां पडणार आणि त्या जागीं नवी इमारत उभी राहणार, हें सर्वांनीं मान्य केलें होतें. फडताळें झाडतांना तांब्यापितळेच्या भांड्यांबरोबर जुनीं पंचांगें, लग्नपत्रिका आणि आजोबांची काळ्या पुठ्ठ्याची एक वही हातीं आली. वहीच्या आरंभीं दुधाचा हिशेब होता. शेवटच्या पानांवर मात्र इंग्रजी अक्षरें व आंकडे मिळून पांच पांच खुणांचे सतरा गट एकाखालीं एक लिहिलेले होते, आणि प्रत्येकासमोर तिथि घातली होती. माझा पुतण्या म्हणाला, "हे पणजोबांचे बँकेचे पासवर्ड कीं काय?" आम्ही भावंडें एकमेकांकडे पाहून हंसूं लागलों. तो बँकेचा कारभार नव्हता. तो युद्धखात्याचा होता.

ज्या घरांत पंचवीस वर्षांपूर्वीं एक संगणक आणि त्याभोंवतीं पांचसहा मुलें असा संसार होता, त्या घरांतल्या वाचकांस त्या वहीचा अर्थ लागलीच उमगेल. इतरांसाठीं थोडें विस्तारानें सांगणें प्राप्त आहे.

इ. स. २००० सालीं काकांनीं हप्त्यानें एक संगणक घेतला. घराच्या सोप्यांत, जेथें टेलिफोनची तार येत होती, तेथें एका टेबलावर त्याची स्थापना झाली. स्थापना हाच शब्द योग्य, कारण चपला काढल्यावांचून त्याच्या पुढें बसण्याची कोणास मुभा नव्हती, आणि काम संपलें कीं त्यावर प्लॅस्टिकचा झगा घालण्यांत येई. घेतांना हेतु असा होता कीं, काकांचे हिशेब व्हावे आणि ताईस शिक्षणाला उपयोग व्हावा. परंतु सहा महिन्यांच्या आंत दादानें एका मित्राकडून एक तबकडी आणली, आणि मूळ हेतु मागें पडला. ती तबकडी विकत घेतलेली मूळ प्रत नव्हती, नक्कल होती, हें येथें कबूल करणें बरें. त्या काळीं आमच्या ओळखींत मूळ प्रत कोणी डोळ्यांनीं पाहिलीहि नव्हती.

त्या खेळाचें नांव "कमांडोज : बिहाइंड एनिमी लाइन्स". स्पेन देशांतील माद्रिद शहरच्या पायरो स्टुडिओज या मंडळीनें तो तयार केला आणि आयडॉस या कंपनीनें १९९८ सालीं तो प्रसिद्ध केला. दुसऱ्या महायुद्धांत शत्रूच्या मुलखांत शिरून काम करणाऱ्या सहा गड्यांचा हा खेळ. एक धिप्पाड शिपाई, जो सुरी चालवी, मेलेल्या शत्रूस खांद्यावर टाकून लपवी, आणि प्रसंगीं वाळूंत वा बर्फांत स्वतःस पुरून घेई. दुसरा दुरून नेम धरणारा, पण त्याच्या गोळ्या मोजक्या. तिसरा पाण्याखालून जाणारा, ज्याच्याजवळ फुगवण्याची होडी असे. चौथा सुरुंग लावणारा, पांचवा कोणतीहि गाडी हांकणारा, आणि सहावा शत्रूचा गणवेष घालून शत्रूंतच हिंडणारा हेर. नॉर्वेपासून आफ्रिकेच्या वाळवंटापर्यंत आणि फ्रान्सपासून खुद्द जर्मनीपर्यंत अशा वीस मोहिमा होत्या. एक मोहीम पार पडली कीं पडद्यावर पांच खुणांचा एक संकेत उमटे. तो लिहून ठेवला कीं पुढच्या वेळीं तेथून पुढें सुरुवात करतां येई. आजोबांच्या वहींतले ते सतरा गट म्हणजे हेच संकेत होत.

पडद्यावर सर्व प्रदेश घारीच्या नजरेनें पाहावा तसा तिरपा वरून दिसे. मधोमध तळ, भोंवतीं कुंपण, आणि पहारेकऱ्यांच्या फेऱ्या. या खेळाची सारी खुबी दृष्टींत होती. एखाद्या पहारेकऱ्यावर खूण केली म्हणजे त्याची नजर जमिनीवर हिरव्या पंख्यासारखी पसरलेली दिसे. जवळचा भाग फिकट, त्यांत सांपडलेला गडी सुटत नसे. दूरचा भाग गडद, त्यांतून मात्र सरपटत गेलें तर निभावे. आणि एका वेळीं एकाच पहारेकऱ्याची नजर पाहतां येई. बाकीच्यांच्या फेऱ्या खेळणाऱ्यानें ध्यानांत धरावयाच्या. धांवत सुटून गोळ्या झाडणारा येथें अर्ध्या मिनिटांत मरे. जो दहा मिनिटें नुसता पाहत बसे, त्याचा निभाव लागे.

आणखी एक नियम असा होता कीं, तो पुढें आयुष्यांत मला अनेकदां आठवला. सहांपैकीं एक जरी गडी पडला, तरी सर्वांची मोहीम फसली! पांच जण सुखरूप परतले, काम झालें, एकच मागें राहिला, असा हिशेब तेथें चालत नसे.

आजोबांस आरंभीं हा खेळ मुळींच आवडला नाहीं. ते शाळामास्तर होते, १९३० सालचा त्यांचा जन्म. एके संध्याकाळीं ते आमच्या मागें येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "लढाई हा खेळ नव्हे, बाळांनो. लढाईंतून उरलेलीं माणसें मीं पाहिलीं आहेत." आम्हांस वाटलें, ते पुस्तकांतलें सांगत आहेत. तेव्हां त्यांनीं वळिवड्याची हकीकत सांगितली. कोल्हापुराजवळच्या वळिवडें येथें १९४३ पासून १९४८ पर्यंत पोलिश निर्वासितांची छावणी होती. सुमारें पांच हजार माणसें, त्यांत बहुतेक बायका आणि मुलें. १९४० च्या सुमारास रशियनांनीं त्यांस घरांतून उचलून सैबेरियासारख्या दूरच्या मुलखांत नेलें होतें. पुढें इराणमार्गें तीं हिंदुस्थानांत आलीं, आणि जगाच्या नकाशावर ज्याचें नांवहि त्यांनीं ऐकलें नव्हतें, अशा आमच्या करवीर संस्थानांत पांच वर्षें राहिलीं. त्यांच्या शाळा होत्या, प्रार्थनामंदिर होतें. आजोबा तेव्हां तेरा वर्षांचे. बाजारांत त्यांच्याच वयाचा एक गोरा मुलगा पेरूच्या टोपलीपुढें उभा राहून बोटांनीं भाव विचारीत असे, एवढीच त्यांची आठवण. "त्याचा बाप कोठें होता, हें मीं त्यास विचारलें नाहीं," ते म्हणाले, "विचारण्याची भाषाहि नव्हती, आणि धीरहि नव्हता."

फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांनीं पुढें तेथेंच गांधीनगर वसविलें; आज तेथें कापडाच्या दुकानांची गर्दी असते. त्या पोलिश मंडळींचें स्मारक कोल्हापुरांत महावीर उद्यानांत आहे, आणि २०१७ सालीं वॉर्सा शहरांतहि कोल्हापुरच्या नांवानें एक स्मारक झालें. आम्ही मुलें कितीदां तरी त्या उद्यानांत खेळलों होतों. परंतु तो स्तंभ कशाचा, हें त्या संध्याकाळपर्यंत आम्हांपैकीं कोणास ठाऊक नव्हतें.

त्यानंतर दोन दिवस आम्हीं खेळ बंद ठेवला. तिसऱ्या दिवशीं आजोबाच येऊन म्हणाले, "त्या कुंपणापाशीं तुम्ही अडलां होतां ना? मला वाटतें, उजवीकडचा पहारेकरी मोजून पाहिला नाहींत तुम्हीं." मागें उभे राहून त्यांनीं सारें पाहिलें होतें! तेव्हांपासून ते आमचे मसलतगार झाले. मागें खुर्ची टाकून बसत, पण माऊसला त्यांनीं कधीं हात लावला नाहीं.

त्यांच्यामुळेंच आम्हांस त्या खेळाचें मर्म समजलें. ते पन्हाळ्याकडे बोट दाखवीत. पन्हाळा आमच्या घरापासून जेमतेम पांच कोसांवर. १६६० सालीं सिद्दी जौहरचा वेढा असतां महाराज पावसाळी रात्रीं तेथून निसटले. महाराजांचा वेष घेऊन पालखींत बसलेला शिवा काशीद शत्रूच्या हातीं सांपडला व प्राणास मुकला, आणि घोडखिंडींत बाजीप्रभूंनीं देह ठेवला, ही कथा कोणास ठाऊक नाहीं? परंतु आजोबांस विशेष प्रेम दुसऱ्या कथेचें. त्या सुटकेनंतर गड आदिलशाहींत गेला, तो पुन्हां घेतला १६७३ च्या मार्चमध्यें, कोंडाजी फर्जंदानें. त्यानें किती माणसें मागावीं? अवघीं साठ! अण्णाजी दत्तो कुमक घेऊन मागें राहिले, आणि कोंडाजी साठ गड्यांनिशीं रात्रीं कडा चढून वर गेला. निरनिराळ्या बाजूंनीं कर्णे फुंकले, तेव्हां गडावरच्यांस वाटलें कीं मोठी फौज आली. गोंधळांत किल्लेदार पडला आणि गड हातीं आला. या विजयावर जयराम पिंड्ये यानें "पर्णालपर्वतग्रहणाख्यान" हें संस्कृत काव्य रचलें, तें आजोबांच्या कपाटांत होतें. "साठ माणसें घेऊन जाणारा," आजोबा म्हणत, "चढण्यापूर्वीं किती रात्री नुसता पाहत बसला असेल, याचा विचार करा. काव्यांत ते दिवस येत नाहींत."

संगणकावर खेळ मधेंच साठवून ठेवण्याची सोय असते, आणि चूक झाली कीं तेथून पुन्हां खेळतां येतें. दादा पावलापावलास साठवी. आजोबांनीं नियम घातला कीं, सर्व गडी सुरक्षित जागीं पोंचल्याशिवाय साठवावयाचें नाहीं. दादा कुरकुरला, तेव्हां ते म्हणाले, "कोंडाजीस ही सोय नव्हती." त्यावर उत्तर नव्हतें.

ते आम्हांस खऱ्या कमांडोंचीहि माहिती देत. हा शब्द मूळचा दक्षिण आफ्रिकेंतील बोअर लोकांचा. इंग्रजांनीं त्यांच्याशीं लढतांना त्यांच्या छाप्यांचा धसका घेतला, आणि १९४० सालीं स्वतःच्या निवडक तुकड्यांस तेंच नांव दिलें. १९४२ च्या मार्चमध्यें फ्रान्समधील सेंट नाझेर बंदरावर त्यांनीं छापा घातला. स्फोटकांनीं भरलेलें जहाज गोदीच्या दारावर नेऊन आदळलें आणि ती गोदी युद्ध संपेपर्यंत निकामी झाली. गेलेल्या सुमारें सहाशें जणांपैकीं १६९ मेले. "तुमच्या खेळांत एकहि पडूं देत नाहींत, हें मला पसंत आहे," आजोबा म्हणाले. "तेवढ्यापुरता तो लढाईपेक्षां शहाणा आहे."

हळूहळू सारें घर त्यांत ओढलें गेलें. दादाच्या हातीं माऊस, मी की-बोर्डावर, आणि ताईकडे पहारेकऱ्यांच्या फेऱ्या मोजण्याचें काम. १९९९ सालच्या पुढील भागांत नताशा नांवाची एक स्त्री आहे असें ऐकल्यापासून ताईचा आग्रह होता कीं तो भागहि आणावा. आजी समईसाठीं वाती वळीत बाजूस बसे आणि पडद्याकडे न पाहिल्यासारखें करी. एकदां आम्ही तिघेंहि चुकत असतां तिच्या तोंडून निघून गेलें, "अरे, तो मेला आतां परत फिरेल बघ कीं!" आणि तो खरोखरच फिरला. ऐन मोक्यास वीज जाई, मग अंधारांत बसून पुढच्या बेताची चर्चा चाले. मोहीम फत्ते झाली कीं आजोबा चष्मा लावून, पडद्याजवळ वांकून, तो संकेत वहींत उतरवून घेत आणि समोर तिथि घालीत. मुलांच्या चिठोऱ्यांवर त्यांचा विश्वास नव्हता.

येथवर आनंदाची गोष्ट झाली. परंतु त्याच सोप्यांत त्याच दिवसांत दुसरेंहि कांहीं चाललें होतें, आणि तें आम्हांस दिसत असून दिसत नव्हतें. वडील आणि काका यांच्यांत शेताच्या व घराच्या वाटणीवरून बोलणें तुटत चाललें होतें. जेवणाच्या पंगतींत "त्यांस विचार", "त्यांस सांग" अशी भाषा सुरू झाली होती. आम्ही पडद्यावरच्या पहारेकऱ्याची नजर सेकंदांत मोजत होतों, आणि घरांतलीं दोन मोठीं माणसें एकमेकांची नजर चुकवून सोप्यांतून कशीं जातात, हें मात्र आमच्या ध्यानांत आलें नाहीं. आजोबांच्या ध्यानांत आलें असलें पाहिजे. रोज संध्याकाळीं सर्वांनीं एका जागीं बसावें, निमित्त कोणतेंहि असो, असें त्यांस वाटत असावें, असा मला आतां संशय येतो.

२००२ च्या पावसाळ्यांत आजोबा गेले. सतरावा संकेत त्यांनीं वैशाखांत लिहिला होता. वर्षश्राद्ध झालें आणि सोप्याच्या मधोमध भिंत आली. संगणक काकांचा, म्हणून तो भिंतीच्या पलीकडे राहिला. कोणी आम्हांस तिकडे जाऊं नका असें म्हटलें नाहीं, परंतु आम्हीहि गेलों नाहीं. ताई लग्न होऊन आधीं पुण्यास व पुढें जर्मनीस गेली, दादा नोकरीस लागला, मीहि कोल्हापुर सोडलें. अठरावी मोहीम तशीच राहिली.

त्या खेळाचा पुढचा इतिहासहि थोडक्यांत सांगतों. २००१ सालीं त्याचा दुसरा खंड निघाला आणि २००३ सालीं तिसरा. त्याच्या वळणावर इतरांनींहि खेळ रचले. कोणी अमेरिकेच्या गुराख्यांचा मुलूख घेतला, कोणी जपानी सामुराईंचा. २०१८ मध्यें मूळ खेळाचे हक्क कॅलिप्सो या कंपनीकडे गेले. ती कंपनी जर्मन आहे, आणि २०२५ च्या एप्रिलमध्यें निघालेला "कमांडोज : ओरिजिन्स" हा नवा खेळहि जर्मनींतच रचला गेला. ज्यांच्या तळांवर आम्हीं रात्रंदिवस छापे घातले, त्यांच्याच नातवांनीं तो खेळ आतां पुढें चालविला आहे!

वही सांपडली त्या रात्रीं दादानें आपला लॅपटॉप सोप्यांत आणला. जुना खेळ आतां अल्प किंमतींत रीतसर विकत मिळतो, तो आम्हीं घेतला, आणि पंचवीस वर्षांचें एक देणें फेडल्यासारखें वाटलें. सतरावा संकेत घालतांच अठरावी मोहीम उघडली. हातांस पूर्वींची संवय नव्हती. आम्ही तिघें मिळून पहिल्या तासांत कमींत कमी वीस वेळां मेलों. मुलांस प्रथम हा खेळ फार संथ वाटला. "ह्यांत कांहीं होतच नाहीं," असें पुतण्याचें मत पडलें. अर्ध्या तासानें तोच म्हणाला, "थांबा, डावीकडचा अजून वळला नाहीं."

ताईचा मुलगा जर्मनींतल्या शाळेंत शिकतो. त्यानें बराच वेळ पाहून विचारलें, "ह्यांतले जर्मन सगळेच वाईट कां? माझे मित्र तर चांगले आहेत." आम्ही सारीं गप्प झालों. आजोबा असते तर त्यांनीं पेरूच्या टोपलीपुढें उभ्या राहिलेल्या मुलाची गोष्ट सांगितली असती. ती मग मींच सांगितली, जमेल तशी. दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही मुलांस घेऊन महावीर उद्यानांत जाऊन आलों.

तिसऱ्या रात्रीं माझे वडील सोप्यांत येऊन बाकावर बसले. थोड्या वेळानें भिंतीपलीकडून काकाहि आले, आणि दुसरीकडे जागा नसल्यामुळें त्याच बाकावर बसले. दोघांचींहि डोकीं आतां पांढरीं झालीं आहेत. कोणी कांहीं बोललें नाहीं. रात्रीं साडेअकराच्या सुमारास मोहीम फत्ते झाली, सर्व गडी सुखरूप परतले, आणि पडद्यावर पांच खुणा उमटल्या. मुलांनीं मोबाईलवर छायाचित्र काढावयास हात उचलले, तोंच वडिलांनीं फडताळांतून ती वही काढली, पेन उघडलें, आणि दोन्ही काकांपुढें धरून म्हणाले, "तूं लिही. तुझें अक्षर अप्पांसारखें आहे." काकांनीं चष्मा पुसला, संकेत लिहिला, आणि समोर कार्तिकांतली तिथि घातली.

वाटणीचे कागद त्यामुळें बदलले नाहींत, आणि भिंत तर वाड्याबरोबरच जाणार आहे. एका खेळानें घर जोडलें, असा दावा मी करणार नाहीं. परंतु अठरावा संकेत वहींत आहे आणि दोन मोहिमा अजून उरल्या आहेत. गणपतीस सर्वांनीं जमावयाचें ठरलें आहे; जागा वडिलांच्या घरीं कीं काकांच्या, एवढेंच ठरावयाचें आहे. वही सध्यां काकांकडे आहे.